एका भूमीवर दोन बिशप

भिलाईच्या कैलाशनगरातील सेंट थॉमस आश्रमाच्या परिसरात मलंकारा ऑर्थोडॉक्स सीरियन चर्चच्या एका विस्तीर्ण धर्मप्रांताचे मुख्यालय आहे. परंतु त्या धर्मप्रांताचे नाव भिलाई नसून कलकत्ता आहे, आणि त्याचे प्रमुख कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन म्हणून ओळखले जातात. याच शहरातील रोमन कॅथलिक कुटुंबे रायपूरच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली येतात, तर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्या आपल्या छत्तीसगड धर्मप्रांताच्या बिशपांना मानतात. म्हणजे पोलाद कारखान्याभोवती वसलेल्या या शहराच्या त्याच त्या सेक्टरांवर तीन बिशपांची अधिकारक्षेत्रे एकावर एक पसरलेली आहेत, आणि शेजारी राहणाऱ्या तीन ख्रिस्ती कुटुंबांना आपले बिशप कोण हे विचारले, तर तीन वेगळी उत्तरे मिळू शकतात.

प्राचीन चर्चला ही स्थिती मान्य झाली नसती. इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने आपल्या आठव्या नियमात एका शहरात दोन बिशप असू नयेत, असे स्पष्ट म्हटले होते. मग एका शहराला अनेक बिशप कसे मिळाले, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर सोळाव्या शतकातील युरोपच्या धर्मसुधारणेत, आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील बिशपांच्या विलक्षण वाताहतीत, आणि तितकेच गोवा, कोकण, मुंबई व नागपूर यांच्या इतिहासात सापडते. या दूरदूरच्या प्रदेशांत एकच यंत्रणा बिघडली होती, आणि तिच्या दुरुस्तीसाठी वापरलेली हत्यारेही पुष्कळ अंशी सारखीच होती.

सनद आणि वकीलपत्र

बिशपाच्या अधिकारात दोन निराळ्या गोष्टी एकत्र नांदत असतात. पहिली गोष्ट दीक्षेची. आधीच्या बिशपांनी नव्या बिशपाच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करायची, आणि अशा हस्तारोपणाची साखळी मागे मागे थेट येशूच्या प्रेषितांपर्यंत पोहोचते असे मानायचे, ही ती पद्धत. तिला प्रेषितीय परंपरा म्हणतात. नायसियाच्या चौथ्या नियमाने या विधीसाठी किमान तीन बिशप उपस्थित असावेत असे ठरवले, कारण एकट्या बिशपाने गुपचूप दुसरा बिशप घडवला तर साखळीवर कोणाचा विश्वास राहणार नाही. दुसरी गोष्ट अधिकारक्षेत्राची. दीक्षा मिळालेल्या बिशपाने कोणत्या प्रदेशात, कोणत्या लोकांवर अधिकार चालवायचा, हे वेगळ्या नेमणुकीने ठरते, आणि त्या प्रदेशाला धर्मप्रांत म्हणतात.

वकिली व्यवसायातील सनद आणि वकीलपत्र यांच्यातील फरक ध्यानात घेतला, तर ही रचना चटकन उमगते. सनद मिळाली की माणूस वकील होतो आणि एखादा खटला सुटला म्हणून त्याची सनद जात नाही. परंतु नुसत्या सनदेवर तो कोणत्याही खटल्यात उभा राहू शकत नाही, त्यासाठी त्या पक्षकाराचे वकीलपत्र लागते. बिशपाची दीक्षा ही सनद होय आणि धर्मप्रांताची नेमणूक हे वकीलपत्र. कॅथलिक मतानुसार दीक्षा एकदा मिळाली की ती पुसता येत नाही, नेमणूक मात्र बदलते, काढून घेतली जाते किंवा मुळातच नाकारली जाते.

या दोहोंना मध्ययुगात तिसरी गोष्ट येऊन चिकटली, ती म्हणजे उत्पन्न. बिशपाच्या पदामागे जमिनी, दशमांश नावाचा पिकाच्या दहाव्या हिश्श्याचा कर, कॅथेड्रलची इमारत आणि राजदरबारातील मानाचे स्थान अशी मोठी मालमत्ता उभी राहिली, आणि ती देणारा किंवा निदान राखणारा राजा असल्यामुळे बिशप कोण असावा याविषयी त्याला बोलण्याचा हक्क मिळाला. सनद बिशपांच्या हाती, वकीलपत्र पोपच्या हाती आणि उत्पन्न राजाच्या हाती, अशी ही विभागणी होती. तिघांचे जुळत होते तोवर सामान्य श्रद्धावंताला हे सांधे दिसतही नव्हते. सोळाव्या शतकात तिघांचे फाटले, तेव्हा ते एकाएकी उघडे पडले.

चौकट: लेखात येणारी पदे

धर्मप्रांत: एका बिशपाच्या अधिकाराखालील प्रदेश.
धर्मग्राम: धर्मप्रांताचा लहान विभाग, ज्याचे एक चर्च आणि एक प्रमुख धर्मगुरू असतो.
आर्चबिशप: अनेक धर्मप्रांतांच्या समूहातील प्रमुख बिशप. मलंकारा ऑर्थोडॉक्स परंपरेत धर्मप्रांताच्या प्रमुखाला मेट्रोपॉलिटन म्हणतात.
नामधारी बिशप: ज्याची दीक्षा पूर्ण झालेली असते, परंतु ज्याला नावापुरता एखादा लुप्त झालेला प्राचीन धर्मप्रांत दिलेला असतो.
व्हिकर अपोस्टोलिक: जेथे नियमित धर्मप्रांत नाही अशा प्रदेशात पोपच्या वतीने काम पाहणारा, बहुधा नामधारी बिशप.

भिलाईतील मेट्रोपॉलिटन कलकत्त्याचे का?

केरळमधील प्राचीन ख्रिस्ती समाजाला शतकानुशतके मेसोपोटेमियातील चर्चकडून बिशप मिळत असत आणि समाजाचा दैनंदिन कारभार आर्चडीकन हा स्थानिक अधिकारी पाहत असे. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी उदयंपेरूर येथे सभा भरवून या समाजाला रोमच्या आणि प्रत्यक्षात पोर्तुगीज धर्मव्यवस्थेच्या अधिकाराखाली आणले. हा दाब पन्नास वर्षांहून अधिक काळ सोसल्यावर ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टानचेरी येथे लोकांनी क्रूसासमोर शपथ घेऊन जेसुइट संघातील आर्चबिशपांची आज्ञा नाकारली, आणि त्याच वर्षी आलंगाड येथे बारा धर्मगुरूंनी आर्चडीकन थोमा यांच्या मस्तकावर हात ठेवून त्यांना बिशप म्हणून घोषित केले.

येथे सनदेचा प्रश्न अत्यंत तीव्रतेने उभा राहिला, कारण हात ठेवणाऱ्या बारा जणांपैकी एकही स्वतः बिशप नव्हता. लोकांनी वकीलपत्र मनापासून दिले होते, सनद मात्र साखळीबाहेरची होती, आणि विरोधकांनी नेमके याच दुबळ्या जागी बोट ठेवले. रोमने पाठवलेल्या कार्मेलाइट बिशपांनी १६६३ मध्ये याच समाजातील परंपिल चांडी यांना विधिवत दीक्षा दिल्यावर बराचसा समाज त्यांच्या मागे गेला. थोमांच्या पक्षाने अँटिओकच्या सीरियन चर्चकडे धाव घेतली आणि १६६५ मध्ये जेरुसलेमचे मार ग्रेगोरिओस अब्दुल जलील केरळात आले, तेव्हा त्या परंपरेशी त्यांचे नाते जुळले. एकाच समाजाच्या, एकाच प्रदेशातील दोन बिशपपरंपरा अशा रीतीने सुरू झाल्या, आणि थोमांच्या बाजूच्या परंपरेतून पुढे अनेक फाटे फुटून आजचे मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्च आकाराला आले.

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाईत पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि देशभरातून, तसेच केरळमधूनही, कामगार, परिचारिका आणि शिक्षक येथे आले. त्यांच्याबरोबर ही परंपराही आली. केरळबाहेरील अनुयायांसाठी या चर्चने मुंबई, दिल्ली, मद्रास आणि कलकत्ता अशा महानगरांच्या नावांचे धर्मप्रांत आखले होते. कलकत्ता धर्मप्रांताचे मेट्रोपॉलिटन स्टेफानोस मार थिओडोसिअस यांनी आपल्या कामाचे केंद्र भिलाईत उभारले, आणि सेंट थॉमस महाविद्यालयासारख्या संस्था त्याच कामाचा भाग होत. पद कलकत्त्याचे आणि वास्तव्य भिलाईचे, हा योग अशा रीतीने जुळून आला.

आयर्लंड: राजाचे बिशप आणि लोकांचे बिशप

हीच फाटाफूट राजसत्तेच्या हुकमाने झाली तर काय होते, याचे सर्वांत उद्बोधक उदाहरण आयर्लंडचे आहे. १५३६ मध्ये आयर्लंडच्या संसदेने इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यास तेथील चर्चचा प्रमुख ठरवले, आणि १५६० मध्ये राणी एलिझाबेथच्या काळात ही व्यवस्था पुन्हा पक्की झाली. कॅथेड्रले, जमिनी आणि दशमांश हे सारे राजमान्य प्रॉटेस्टंट चर्चकडे गेले. पोपने मात्र आयरिश धर्मप्रांतांवरील आपला हक्क सोडला नाही आणि तो स्वतःचे बिशप नेमत राहिला, त्यामुळे आर्मा, डब्लिन, कॅशेल या प्राचीन धर्मप्रांतांना एकाच वेळी दोन दोन आर्चबिशप लाभले. एकाकडे इमारत आणि उत्पन्न, दुसऱ्याकडे श्रद्धावंत.

या गोंधळाची परिसीमा माइलर मॅग्राथ या धर्मगुरूच्या आयुष्यात दिसते. मूळचा फ्रान्सिस्कन असलेल्या मॅग्राथला पोपने १५६५ मध्ये डाउन आणि कॉनर या धर्मप्रांताचा बिशप नेमले. दोन वर्षांनी तो एलिझाबेथला शरण गेला आणि १५७१ मध्ये तिने त्याला कॅशेलचा आर्चबिशप केले. पोपने त्याला पदच्युत करण्यास १५८० साल उजाडले, म्हणजे सुमारे नऊ वर्षे एकच माणूस पोपच्या यादीत एका ठिकाणचा आणि राणीच्या यादीत दुसऱ्या ठिकाणचा बिशप होता. कॅशेलसाठी पोपने १५८१ मध्ये डर्मट ओहर्ली यांना आर्चबिशप नेमले; ते आयर्लंडला परतल्यावर पकडले गेले, त्यांचा भयंकर छळ झाला आणि १५८४ मध्ये डब्लिनमध्ये त्यांना फाशी देण्यात आली. मॅग्राथ १६२२ पर्यंत पदावर राहून वार्धक्याने वारला. ओहर्लींच्या फाशीनंतर जवळपास शंभर वर्षांनी, १६८१ मध्ये, आर्माचे कॅथलिक आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांना खोट्या साक्षींच्या आधारे लंडनमध्ये मृत्युदंड झाला. १९७५ मध्ये रोमने त्यांना संतपद दिले.

सर्व इमारती, सारे उत्पन्न आणि कायद्याचा पूर्ण पाठिंबा असूनही राजमान्य चर्चला आयरिश जनता का मिळाली नाही, या प्रश्नाची कारणे अनेक असली तरी भाषेचे कारण विशेष विचारात घेण्यासारखे आहे. आयर्लंडमध्ये छापलेले पहिले पुस्तक म्हणजे १५५१ मधील प्रॉटेस्टंट प्रार्थनापुस्तक, आणि ते इंग्रजीत होते, तर बहुसंख्य लोक आयरिश बोलत होते. लॅटिन प्रार्थना त्यांना कळत नव्हत्या हे खरे. परंतु लोकभाषेत उपासना हे ज्या सुधारणेचे मोठे वचन होते, तिने आणलेली इंग्रजीही त्यांना परकीच होती, शिवाय ती राज्यकर्त्यांची होती. याच्या शेजारी मराठी प्रदेशातील एक घटना ठेवून पाहावी. याच एलिझाबेथच्या इंग्लंडमधून बाहेर पडलेला थॉमस स्टीफन्स हा जेसुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला, साष्टीच्या लोकांत राहून त्यांची भाषा शिकला, आणि १६१६ मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापून निघाले. बिशपपदाच्या कोणत्याही सनदेवाचून त्याने लोकांच्या मनात जी जागा मिळवली, ती आयर्लंडच्या राजमान्य बिशपांना साऱ्या दशमांशाच्या बळावर मिळाली नाही.

अखेर १८६९ च्या कायद्याने ब्रिटिश संसदेने चर्च ऑफ आयर्लंडचा राजमान्य दर्जा काढून घेतला आणि १ जानेवारी १८७१ पासून तो अमलात आला. आर्मा येथे मात्र दोन आर्चबिशप आजही आहेत, आणि दोघेही स्वतःला संत पॅट्रिकचे उत्तराधिकारी मानतात.

स्कॉटलंड: बिशप हवा की नको?

आयर्लंडमध्ये खरा बिशप कोण याचा वाद होता, स्कॉटलंडमध्ये बिशप हे पद असावे की नसावे याचाच वाद पेटला. ऑगस्ट १५६० मध्ये स्कॉटिश संसदेने पोपची सत्ता संपुष्टात आणली. ग्लासगोचे आर्चबिशप जेम्स बीटन पॅरिसला निघून गेले, तर सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन राजकीय संघर्षात सापडून १५७१ मध्ये फासावर गेले. सुधारकांपैकी प्रभावी गटाचे म्हणणे असे होते की सर्व धर्मगुरू समान असून चर्चचा कारभार वडीलमंडळींच्या सभांनी चालवावा. या पद्धतीला प्रेस्बिटेरियन म्हणतात. राजाला मात्र बिशप हवे होते, कारण सभेला आज्ञा देणे अवघड आणि स्वतः नेमलेल्या बिशपाला आज्ञा देणे सोपे.

म्हणून १६१० मध्ये सहाव्या जेम्सने तीन स्कॉटिश धर्मगुरूंना लंडनला बोलावून इंग्लिश बिशपांकडून त्यांना दीक्षा देववली. त्या प्रसंगी कँटरबरी आणि यॉर्क येथील दोन्ही आर्चबिशपांना मुद्दाम दूर ठेवण्यात आले, कारण त्यांनी हात ठेवले असते तर स्कॉटलंडचे चर्च इंग्लंडच्या अधिकाराखाली गेले असा अर्थ निघाला असता. सनद घ्यायची पण वकीलपत्रावर परक्याचा हक्क येऊ द्यायचा नाही, ही ती दक्षता होती. १६३८ मध्ये ग्लासगोच्या सभेने बिशपांना पदच्युत केले, १६६१ नंतर ते परत आले, आणि १६८९ मध्ये ते राजमान्य चर्चमधून कायमचे गेले, कारण पदच्युत झालेल्या सातव्या जेम्सला दिलेली शपथ मोडून नव्या राजाला शपथ देण्यास त्यांनी नकार दिला.

त्यांनी पुढे जे केले ते या साऱ्या इतिहासातील अतिशय हृद्य प्रकरण आहे. कॅथेड्रल गेले, वेतन गेले, कायदा विरुद्ध झाला. तरीही हस्तारोपणाची साखळी तुटू नये म्हणून १७०५ पासून त्यांनी नवे बिशप दीक्षित केले, आणि या नव्या बिशपांना कोणताही धर्मप्रांत दिला नाही. सनद जिवंत ठेवायची, वकीलपत्र कधी मिळेल ते मिळो, असा तो निर्धार होता. या निर्धाराचे मोल १७८४ मध्ये कळले. स्वतंत्र झालेल्या अमेरिकेतील अँग्लिकनांना, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील लोकांना, बिशप हवा होता, परंतु इंग्लिश बिशप राजनिष्ठेच्या शपथेवाचून दीक्षा देऊ शकत नव्हते. तेव्हा सॅम्युअल सीबरी स्कॉटलंडला गेले आणि ॲबर्डीन येथे या राजाश्रयहीन बिशपांनी त्यांच्या मस्तकावर हात ठेवले.

दिवाडीचा बिशप

स्कॉटलंडमधील कॅथलिकांचे काय झाले, हे पाहू गेल्यास वाट थेट गोव्याला येऊन मिळते. बीटन १६०३ मध्ये वारल्यानंतर तेथे पोपचा एकही धर्मप्रांतीय बिशप उरला नाही, आणि नवा नेमणे म्हणजे राजसत्तेला उघड आव्हान देणे होते. रोममध्ये १६२२ मध्ये स्थापन झालेल्या धर्मप्रसार मंडळाने, म्हणजे प्रोपागांडा फीदेने, अशा अडचणीसाठी एक युक्ती पद्धतशीरपणे वापरली: माणसाला बिशपाची दीक्षा द्यायची, पण नाव दूरच्या लुप्त धर्मप्रांताचे द्यायचे, आणि प्रत्यक्ष प्रदेशात त्याला पोपचा प्रतिनिधी म्हणून पाठवायचे. हाच व्हिकर अपोस्टोलिक. यामुळे राजाने बळकावलेले वकीलपत्र परत न मागताही लोकांना बिशप मिळत असे. इंग्लंडला असा प्रतिनिधी १६२३ मध्ये मिळाला, स्कॉटलंडला १६९४ मध्ये थॉमस निकोल्सन यांच्या रूपाने.

परंतु निकोल्सन यांच्या ५७ वर्षे आधी हीच युक्ती कोकणात वापरली गेली होती, आणि येथे अडवणारा राजा प्रॉटेस्टंट नव्हता, कॅथलिकच होता. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चचे पालकत्व दिले होते. बिशप सुचवण्याचा हक्क राजाचा आणि चर्च बांधण्याचा व चालवण्याचा खर्चही त्याचाच, अशी ती व्यवस्था होती. तिला पाद्रोआदो म्हणतात. गोव्याचा धर्मप्रांत १५३४ मध्ये याच व्यवस्थेत निर्माण झाला आणि पुढे त्याला आर्चबिशपचा दर्जा मिळाला. पोर्तुगीज सत्तेबाहेर पसरलेल्या आदिलशाही किंवा मोगल मुलखातही आपलाच हक्क आहे, असे पोर्तुगाल म्हणत असे. तेथे पोहोचण्याचे बळ मात्र त्याच्याकडे नव्हते.

मातेउस द कास्त्रो हे गोव्याजवळच्या दिवाडी बेटावरील ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. गोव्यातील धर्मव्यवस्थेने देशी माणूस म्हणून त्यांची वाट रोखली, तेव्हा ते रोमला गेले, तेथे शिकले, धर्मगुरू झाले, आणि १६३७ मध्ये क्रिसोपोलिस या प्राचीन स्थानाचे नामधारी बिशप म्हणून त्यांना दीक्षा मिळाली. लॅटिन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप होत. त्यांचे प्रत्यक्ष कार्यक्षेत्र विजापूरच्या आदिलशहाचा मुलूख ठरले आणि त्यांनी आपले ठाणे डिचोलीस केले, जे गोव्याच्या जवळ असूनही त्या वेळी पोर्तुगीज हद्दीबाहेर होते. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांची नेमणूक मानली नाही, त्यांनी दीक्षा दिलेल्या धर्मगुरूंना विरोध केला, आणि हा झगडा त्यांच्या आयुष्यभर चालला. १६७७ मध्ये ते रोममध्ये निवर्तले. विजापूरच्या मुलखातील काम मात्र थांबले नाही, कारण १६६९ मध्येच कुस्तोदियो द पिन्यो या दुसऱ्या गोवेकर धर्मगुरूंची त्याच भागासाठी व्हिकर अपोस्टोलिक म्हणून नेमणूक झाली. कास्त्रोंच्या स्वभावात तिखटपणा होता आणि त्यांनी शत्रू कमी केले नाहीत; तरी एका बेटावरच्या देशी तरुणाला बिशपाची सनद मिळू शकते हे त्यांनी सतराव्या शतकात सिद्ध केले, आणि या कर्तृत्वाला मराठी-कोंकणी वाचकांच्या स्मरणात मिळायला हवी तेवढी जागा अद्याप मिळालेली नाही.

मुंबई: कंपनी सरकार, दोन धर्मगुरू

मुंबई बेट १६६५ मध्ये पोर्तुगीजांकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि तीन वर्षांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले, तरी तेथील कॅथलिक रयत गोव्याच्या आर्चबिशपांच्याच अधिकाराखाली राहिली. कंपनीला शंका अशी की गोव्याहून आलेले धर्मगुरू पोर्तुगालशी निष्ठा ठेवतील. म्हणून १७२० मध्ये तिने पोर्तुगीज धर्मगुरूंना बेटाबाहेर काढले आणि पोपच्या व्हिकर अपोस्टोलिककडे, म्हणजे कार्मेलाइट संघाच्या मॉरिस यांच्याकडे, चर्चांचा कारभार सोपवला. एका प्रॉटेस्टंट व्यापारी कंपनीने कॅथलिकांचे धर्माधिकारी बदलून दिले. वसईत याहून वेगळे घडले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली, मराठा सत्तेने बिशप कोणाचा या प्रश्नात हात घातला नाही, आणि गोव्याच्या अधिकाराखालील देशी धर्मगुरू तेथे सेवा करत राहिले.

मुंबईत मात्र वाद दीडशे वर्षांहून अधिक काळ धुमसत राहिला. १७८९ मध्ये कंपनीने चर्च पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपांकडे दिली, थोड्याच वर्षांत निर्णय पुन्हा फिरवला, आणि १७९४ मध्ये बेटावरील चर्च दोन्ही पक्षांत वाटून टाकली. त्यानंतर एका धर्मग्रामात गोव्याच्या आर्चबिशपांचा धर्मगुरू आणि शेजारच्या धर्मग्रामात पोपच्या प्रतिनिधीचा धर्मगुरू, अशी रचना रूढ झाली. विवाह कोणत्या धर्मगुरूने लावला तर वैध, चर्चची मिळकत कोणाच्या नावावर, दफनभूमी कोणाची, असे घरगुती आयुष्यात शिरणारे तंटे त्यातून निघाले. १८३८ मध्ये पोपने भारतातील पोर्तुगीज धर्मप्रांतांच्या अधिकारावर गदा आणली, तेव्हा कटुता आणखी वाढली. १८५३ मध्ये व्हिकर अपोस्टोलिक अनास्टेशिअस हार्टमान हे माहीमच्या चर्चमध्ये अनुयायांसह दार लावून बसले आणि विरोधी पक्षाने चर्चला वेढा घातला, इतक्या थराला गोष्ट गेली. दोन्ही बाजू कॅथलिक होत्या, दोन्ही बाजूंचे धर्मगुरू विधिवत दीक्षित होते, दोन्ही बाजूंची उपासना एकच होती. सनदेविषयी वाद नव्हताच. भांडण निव्वळ वकीलपत्राचे होते, आणि त्यात कोळी, आगरी, भंडारी, पाठारे अशा जुन्या रहिवाशांच्या पिढ्या भरडल्या गेल्या.

तेराव्या लिओ या एकाच पोपने स्कॉटलंड आणि भारत या दोन्ही ठिकाणी गाठ सोडवायला घेतली. १८७८ मध्ये त्याने स्कॉटलंडमध्ये नियमित धर्मप्रांत पुन्हा स्थापले आणि १८८६ मध्ये भारतातील व्हिकर अपोस्टोलिकांची क्षेत्रे नियमित धर्मप्रांतांत बदलली, ज्यात मुंबईला आर्चबिशप मिळाला. पोर्तुगालचा मान राखण्यासाठी त्याच वेळी दमणचा धर्मप्रांत निर्माण करून साष्टी, वसई आणि मुंबईतील गोव्याच्या पक्षाची चर्च त्याच्याकडे देण्यात आली, म्हणजे मुंबई शहरातील दुहेरी व्यवस्था कायम राहिली. पुढल्याच वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. गोव्याहून नोकरीसाठी आलेल्यांपासून आपली वेगळी ओळख जपू पाहणाऱ्या मूळ रहिवाशांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, ते याच पार्श्वभूमीवर.

१९२८ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यातील कराराने दमणचा मुंबईकडील भाग मुंबईत विलीन झाला आणि मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावा असे ठरले. त्यानुसार आधी पोर्तुगीज जोआकिम लीमा आणि १९३७ पासून इंग्लिश जेसुइट थॉमस रॉबर्ट्स आले. भारतीय माणसाचा या आळीपाळीत विचारच नव्हता. रॉबर्ट्स यांनी मात्र असाधारण औदार्य दाखवले: व्हॅलेरिअन ग्रेशस यांना १९४६ मध्ये सहायक बिशप केल्यावर ते स्वतः मुंबईपासून दूर राहिले, जेणेकरून कारभार प्रत्यक्षात ग्रेशस यांच्या हाती जावा. १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला, ग्रेशस आर्चबिशप झाले, आणि १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल बनले. १९९८ मध्ये वसईला स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला आणि त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे तेथल्याच मराठी भाषक समाजातून आलेले होते.

नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०

स्कॉटलंडचा दुसरा वाद, म्हणजे बिशप असावा की नसावा, हा मराठी प्रदेशात स्कॉटिश मिशनऱ्यांबरोबर आला. आश्रयदात्यांच्या मर्जीने चर्चवर लादल्या जाणाऱ्या धर्मगुरूंना विरोध करून १८४३ मध्ये वेगळे झालेल्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास नागपुरात आले. त्यांच्या परंपरेत बिशप नव्हता. त्याच नागपुरात १९०३ मध्ये अँग्लिकन चर्चने आपला बिशप बसवला. भिलाई ज्यात येते तो दुर्गचा भाग त्या काळी मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरहून चालणाऱ्या राज्यकारभारात होता, आणि छत्तीसगडात जर्मन इव्हँजेलिकल, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा बिशप नसलेल्या परंपरांचे काम सुरू होते.

१९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकनांकडे बिशप होते आणि प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, ब्रदरन व डिसायपल्स यांच्यासारख्या इतरांकडे नव्हते. ज्यांच्याकडे बिशपांची साखळी होती त्यांनी इतरांना नव्याने दीक्षा दिली असती, तर प्रेस्बिटेरियनांची तोपर्यंतची सेवा अपुरी ठरली असती. दीक्षा दिली नसती, तर अँग्लिकनांच्या दृष्टीने साखळी तुटली असती. या पेचातून काढलेला मार्ग असा की सर्व परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून, ज्याला जे उणे असेल ते ईश्वराने द्यावे अशी प्रार्थना करावी, आणि कोणाला काय उणे हे कोणीही उच्चारू नये. शिवाय बिशपपद इतिहासाने आलेले आणि घटनेने बांधलेले राहील, पण त्याचा कोणताही एक धर्मशास्त्रीय अर्थ कोणावर बंधनकारक नसेल, असे घटनेत लिहिले गेले. तीनशे वर्षे स्कॉटलंडला न सापडलेला हा तोडगा मध्य भारतात निघाला, याचा अभिमान वाटावा इतका तो विचारी आहे.

तो सर्वांना पटला असे नव्हे. वाटाघाटींत सामील असलेले, अमेरिकन परंपरेतून आलेले मेथडिस्ट चर्च १९७० मध्येच बाहेर पडले आणि आजही स्वतःच्या पद्धतीचे बिशप निवडते. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया मात्र एकाच वेळी जागतिक अँग्लिकन परिवाराचे आणि जागतिक रिफॉर्म्ड, म्हणजे प्रेस्बिटेरियन व तत्सम चर्चांच्या, परिवाराचे सदस्य आहे. त्याचे बिशप कँटरबरीच्या आर्चबिशपांनी बोलावलेल्या लँबेथ परिषदेत बसतात, आणि रिफॉर्म्ड परिवारात त्याचे सहसदस्य असलेल्या चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये १६८९ नंतर आजतागायत एकही बिशप झालेला नाही.